ट्रायक्लो, मुरूम आणि चाळीचा शोषखड्डा : प्रकल्प नोंदी, मे 2023 ते डिसेंबर 2025

9 मे 2023

भूजल दूषणाच्या तपासणीची पहिली फेरी. जागेचं नाव वहीत लिहीत नाही, करारातच तशी अट आहे. औद्योगिक वसाहतीच्या कडेला यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, बंद पडून पंधरा वर्षं झाली. तयार भागांवरचं ग्रीस काढायला तिथे ट्रायक्लोरोएथिलीन वापरत. कामगारांच्या तोंडी नुसतं ‘ट्रायक्लो’. टाकीतला गाळ शेडमागच्या खड्ड्यात ओतायचा, हा तेव्हाचा रिवाज.

पेट्रोल सांडलं की पाण्यावर तरंगतं, निदान शोधायला सोपं. ट्रायक्लो पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे ते पाणी ओलांडून खाली जातं आणि कुठल्या भेगेत जाऊन बसलं ते कळत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम. सकाळी चहा पिताना हिशेब केला: एक लिटर ट्रायक्लो 29 कोटी लिटर पाणी त्या रेषेपर्यंत न्यायला पुरतं. खड्ड्यात किती लिटर गेलं ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, ट्रायक्लोला रकानाच नाही.

जमीन अशी: वर दीड मीटर काळी माती, खाली सात-आठ मीटर मुरूम, मग मांजऱ्या (बारीक छिद्रांचा बेसॉल्ट), त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरमात आणि मांजऱ्याच्या वरच्या थरात खेळतं. सात निरीक्षण बोअर घेतल्या. नि-1 खड्ड्याच्या वरच्या अंगाला, नि-2 खड्ड्याला लागून, बाकीच्या उताराने. नि-4 खड्ड्यापासून 80 मीटरवर. 310 मीटरवर एका काकांची शेतातली विहीर.

मालकांकडून आलेल्या कामाच्या पत्रात अहवालाचं शीर्षक आधीच ठरलंय: ‘नैसर्गिक क्षीणनाद्वारे व्यवस्थापन’, म्हणजे दूषण निसर्गाच्याच हातून कमी होऊ द्यायचं. त्यातला ‘नैसर्गिक’ हा शब्द त्यांनी ‘फुकट’ असा वाचलाय, असा माझा संशय आहे. ही पद्धत म्हणजे काही न करणं नव्हे, हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1999 च्या निर्देशातच लिहून ठेवलंय. निसर्ग काम करतोय हे पुराव्यानिशी दाखवायचं, वर्षानुवर्षं मोजत राहायचं, आणि ते थांबलं तर काय करणार हे आधीच लिहून द्यायचं. त्या निर्देशाची प्रत बैठकीत वाटली. कोणी उघडली नाही.

10 मे 2023

नि-4 वर सकाळी सातला. पंप अगदी हळू, मिनिटाला 200 मिली. दादा (आमचे नमुनेवाले, वीस वर्षं हेच काम) पट्टी धरून पाण्याची पातळी बघत होते. ती दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली गेली तर वरचं हवेशीर पाणी आत येतं आणि नमुना खोटा ठरतो. दर पाच मिनिटांनी सामू, विद्युतवाहकता, ऑक्सिजन, ओआरपी (मिलिव्होल्टमध्ये; उणे आकडा म्हणजे पाण्यात ऑक्सिजनचा तुटवडा). आकडे तीन वेळा जागचे हलले नाहीत की मगच बाटली भरायची.

बाटली 40 मिलीची, आत आम्लाचे थेंब. तिरकी धरून, काठावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत संथ भरायची, झाकण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर फेकून द्यायची. ट्रायक्लो हवेत उडून जातं, बुडबुड्यात शिरलं की आकडा कमी येतो. दादांनी आज अकरा बाटल्या फेकल्या. नवा मुलगा म्हणाला, “एवढासा तर बुडबुडा आहे.” दादा म्हणाले, “एवढासाच असतो नेहमी.”

नि-4 ला ऑक्सिजन लिटरला 0.3 मिलिग्रॅम, ओआरपी उणे 140. दोन्ही आकडे तीनदा तपासले. आमच्याकडच्या मुरमात उथळ पाणी इतकं गुदमरलेलं सहसा नसतं. नि-1 ला ऑक्सिजन 4.6. मधल्या शे-दीडशे मीटरमध्ये कोणीतरी तो खातंय.

2 जून 2023

निकाल आले. नि-4 : ट्रायक्लो 640, सिस-डीसीई (डायक्लोरोएथिलीन) 310, व्हिनाइल क्लोराइड 22, एथीन सापडलं नाही (सगळे लिटरला मायक्रोग्रॅम). काकांच्या विहिरीत ट्रायक्लो 7.

सिस-डीसीई कारखान्यात कोणी विकत आणलं नव्हतं. ते ट्रायक्लोपासूनच झालंय. साखळी अशी: ट्रायक्लोतला एक क्लोरीन निघाला की डीसीई, आणखी एक निघाला की व्हिनाइल क्लोराइड, शेवटचा निघाला की एथीन, म्हणजे केळी पिकवणारा वायू, निरुपद्रवी. अडचण मधल्या पायरीची आहे. व्हिनाइल क्लोराइड माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध आहे आणि त्याची अमेरिकन मर्यादा ट्रायक्लोपेक्षाही कडक, 2 मायक्रोग्रॅम. म्हणजे साखळी अर्धवट थांबली तर आजार पहिल्यापेक्षा वाईट.

काकांना निकाल सांगितला. ते पाणी पीत नाहीत, नळ आहे, विहीर उसासाठी. तरी घरातल्या बायका भांडी त्याच पाण्याने घासतात. ते बंद करायला सांगितलं. “रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तुम्ही म्हणता विष आहे,” काका म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. मलाही बाटलीतलं दिसत नाही.

8 नोव्हेंबर 2023

पावसाळ्यानंतरच्या फेरीचे निकाल. नि-4 : ट्रायक्लो 290, डीसीई 142, व्हिनाइल 10. काकांच्या विहिरीत काहीच नाही.

मालकांच्या व्यवस्थापकांचा अर्ध्या तासात फोन: “पाच महिन्यांत निम्म्याहून खाली! म्हणजे निसर्ग काम करतोय ना मॅडम?”

निसर्गाने काम केलं, पण ते पावसाचं. हे इथे नीट लिहून ठेवते, कारण पुन्हा पुन्हा सांगावं लागणार. आकडे वजनात बघितले तर फसायला होतं, रेणूंच्या संख्येत बघायचे. मे मध्ये नि-4 ला लिटरमागे एकूण 8.4 मायक्रोमोल (रेणू मोजायचं एकक), त्यात ट्रायक्लो 58 टक्के. ऑक्टोबरच्या नमुन्यात एकूण 3.8, त्यात ट्रायक्लो 58 टक्के. वाटा तसूभर हलला नाही. जिवाणूंनी ट्रायक्लो तोडलं असतं तर त्याचा वाटा घटून डीसीईचा वाढला असता. इथे आमटीत पाणी ओतलंय, डाळ तेवढीच आहे.

पाश्चात्त्य पुस्तकांतली बरीच उदाहरणं वाळूच्या जाड थरांतली, तिथे पाण्याची पातळी वर्षभरात थोडीफार हलते. आमच्याकडे या बोअरमध्ये मे ते ऑक्टोबर साडेचार मीटरचा फरक. म्हणून नियम ठरवला: मे ची तुलना मे शी, ऑक्टोबरची ऑक्टोबरशी. दोन्ही एकत्र करून आलेखावर रेघ मारायची नाही. ज्यांना रेघ हवी आहे त्यांनी तीन वर्षं थांबावं.

काकांच्या विहिरीचं कोडंही यातच सुटलं. फेब्रुवारी ते मे त्यांची मोटर आठ तास चालते, उपसा दूषित पाण्याला स्वतःकडे ओढतो. पावसाळ्यात मोटर बंद, ओढ नाही.

17 जानेवारी 2024

स्लग चाचण्या (बोअरमधली पातळी अचानक बदलायची आणि ती किती वेळात जागेवर येते ते मोजायचं). मुरमाची पारगम्यता दिवसाला 2 मीटर, उतार 0.008, परिणामी सच्छिद्रता (पाणी प्रत्यक्ष वाहतं तेवढी पोकळी) 0.05 धरली. वेग दिवसाला 0.32 मीटर, वर्षाला साधारण 117.

म्हणजे खड्ड्यातलं पाणी तीन वर्षांत काकांच्या विहिरीपर्यंत पोचतं. कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली. खड्ड्यात नवं काही पडत नसताना नि-4 मधून आजवर पाण्याचे कितीतरी फेरे होऊन गेले. मग 640 येतं कुठून?

मुरमातून. लोणच्यात मीठ मुरावं तसं ट्रायक्लो त्या कुजलेल्या दगडाच्या गाठींत आत शिरून बसलंय. भेगांतलं पाणी स्वच्छ झालं की आतलं हळूहळू बाहेर पाझरतं. आत जायला जितकी वर्षं लागली त्यापेक्षा बाहेर यायला जास्त लागतात. याच कारणाने नुसतं पाणी उपसून प्रक्रिया करण्याच्या योजना वर्षानुवर्षं चालतात आणि पंप बंद केला की आकडा परत चढतो.

21 फेब्रुवारी 2024

नि-4 ला ऑक्सिजन कोण खातं याचं उत्तर मिळालं, तेही प्रयोगशाळेत नाही. काकांकडे नमुना घ्यायला गेलो होतो; लाईट रात्री अकराला येते, म्हणून रात्रीच. मोटर सुरू व्हायची वाट बघत बांधावर बसलो होतो. काका म्हणाले, “तुमच्या त्या चार नंबरच्या वरच्या अंगाला चाळ हाय. गोदामातली पोरं राहत्यात. दोन वर्षांत दुप्पट झाली माणसं. त्यांचा शोषखड्डा कायम भरल्याला असतो, वास येतो बघा वाऱ्याला.”

सकाळी जाऊन पाहिलं. नि-4 पासून वरच्या बाजूला पस्तीस मीटर. दगड रचलेला खड्डा, वर फरशी, फरशीच्या फटीतून पाणी. सगळा मैला सरळ मुरमात.

आणि सगळं जुळलं. पेट्रोलमधलं बेंझीन जिवाणूंचं अन्न असतं. अमेरिकेत मिनेसोटात बेमिजीजवळ 20 ऑगस्ट 1979 ला तेलाची नळी फुटून 17 लाख लिटर कच्चं तेल सांडलं. 1983 पासून तिथे शास्त्रज्ञ मोजताहेत, त्यात तेल हेच जिवाणूंचं जेवण. ट्रायक्लो तसं नाही. ज्या जिवाणूंना ते तोडता येतं ते ट्रायक्लो खात नाहीत, ऑक्सिजनच्या जागी वापरतात, श्वासासारखं. जेवण त्यांना वेगळं लागतं. ते इथे चाळीच्या शोषखड्ड्यातून येतंय. मैल्याने आधी ऑक्सिजन संपवला, मग नायट्रेट, मग लोह (ते वापरलं गेलं की मुरमातून विरघळून पाण्यात उतरतं), आणि आता सल्फेटची पाळी. नि-4 ला लोह लिटरला 6 मिलिग्रॅम, सल्फेट नि-1 च्या चौथाई.

अमेरिकन नियमावलीत याला ‘पहिला प्रकार’ म्हणतात: सेंद्रिय कार्बन माणसाने पुरवलेला. आमचं नैसर्गिक क्षीणन चाळीच्या संडासावर चाललंय. अहवालात हे सभ्य भाषेत कसं लिहायचं याचा विचार दिवसभर केला.

14 जून 2024

मे ची फेरी. नि-4 : ट्रायक्लो 585, डीसीई 360, व्हिनाइल 31, एथीन 3. एकूण 8.8 मायक्रोमोल, ट्रायक्लोचा वाटा 51 टक्के. गेल्या मे मध्ये 58 होता. आता खरंच काहीतरी तुटतंय.

दोन जास्तीच्या तपासण्याही केल्या, दोन्ही महाग, दोन्हींसाठी भांडावं लागलं.

पहिली, कार्बनच्या समस्थानिकांची. जिवाणूंना हलक्या कार्बनचा बंध तोडायला सोपा जातो, म्हणून उरलेल्या ट्रायक्लोत जड कार्बनचं प्रमाण वाढत जातं. पावसाने ते पातळ होतं, पण जड-हलक्याचं प्रमाण बदलत नाही. म्हणून ही तपासणी आमच्या मान्सूनसाठी सोन्यासारखी. खड्ड्यालगत उणे 27.5, नि-4 ला उणे 23.1 (उणे जितकं कमी तितका कार्बन जड). दर हजारी 4.4 चा फरक. दोनच्या पुढे गेला की विघटन मानायला हरकत नसते.

दुसरी, डीहॅलोकोकॉइडीस या जिवाणूच्या जनुकांची. साखळी एथीनपर्यंत नेणारा मुख्य गडी हाच. नि-4 ला तो आहे, पण लिटरला तीन लाखांच्या आसपास. उपयोगी वेगासाठी एक कोटीच्या घरात लागतो. मजा अशी की हा जिवाणू पहिल्यांदा वेगळा केला गेला तो न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावच्या सांडपाणी केंद्राच्या गाळातून; 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने ते प्रसिद्ध केलं. दादांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आपला चाळीवाला पण कॉर्नेलचाच.”

30 ऑक्टोबर 2024

पाऊस जोरदार झाला. सगळे आकडे खाली. आनंदाचे फोन आले. 8 नोव्हेंबर 2023 ची नोंद पाठवून दिली.

12 जून 2025

मे ची तिसरी फेरी. नि-4 : ट्रायक्लो 440, डीसीई 405, व्हिनाइल 58, एथीन 9.

बैठक झाली. मालकांच्या बाजूने पहिली स्लाइड: ‘ट्रायक्लोमध्ये 31 टक्के घट’. आकडा खरा आहे. 640 चे 440 झाले, मे ची तुलना मे शी, माझ्याच नियमाने.

मग माझी. एकूण रेणू: 2023 ला 8.4, 2024 ला 8.8, 2025 ला 8.8. बेरीज जागची हलली नाही. ट्रायक्लो गेलं कुठे? डीसीईच्या आणि व्हिनाइलच्या खात्यात. व्हिनाइल 22 चं 58 झालं, मर्यादेच्या 29 पट. शेवटपर्यंत पोचलेलं एथीन एकूण रेणूंच्या चार टक्केही नाही. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घातले, त्याला कर्ज फिटलं म्हणत नाहीत.

“पण म्हणजे प्रक्रिया चालू आहे,” व्यवस्थापक म्हणाले. चालू आहे. पुढे जाईल का ते ठाऊक नाही. जिवाणू थोडे, जेवण चाळीच्या लहरीवर. मी दोन गोष्टी मागितल्या: खड्ड्याखालचा मुरूम उकरून काढणे, आणि नि-5 च्या पुढे आणखी दोन बोअर, व्हिनाइल कुठे थांबतं ते बघायला. दुसरी मंजूर झाली, पहिली ‘विचाराधीन’. उकरायला जेवढा खर्च, तेवढ्यात आणखी दहा वर्षं मोजता येईल असा त्यांचा हिशेब. तो हिशेब चुकीचा नाही, हेच त्यातलं वाईट.

29 जुलै 2025

दोन बातम्या एकाच आठवड्यात.

केंद्राने 24 तारखेला दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. आता संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुदतीत तपासणी करायची, जबाबदार कोण ते ठरवायचं. इतकी वर्षं अशा जागांना स्वतंत्र कायदेशीर नावच नव्हतं. व्यवस्थापकांनी दुपारी नियमांची प्रत मागवली. ही मात्र उघडली.

दुसरी बातमी काकांनी फोनवर दिली: “मॅडम, चाळीला गटार मंजूर झाली. खांदकाम सुरू पण झालं. शोषखड्डा बुजवणार.”

फोन ठेवला आणि थोडा वेळ काहीच सुचलं नाही. चाळीतल्या लेकरांसाठी यापेक्षा चांगली गोष्ट नाही. उघड्या मैल्यातून वाट काढत शाळेला जातात ती. भूजलात मैला सोडत राहा, मला जिवाणू पोसायचेत, असं कोणत्या तोंडाने सांगणार? आणि त्या मैल्यातले रोगजंतूही काकांच्या विहिरीकडेच जात होते. मी अभिनंदन केलं. मग वहीत लिहिलं: नि-4 ची मापं दर महिन्याला.

17 ऑक्टोबर 2025

नि-4. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशा तीन महिन्यांत ऑक्सिजन 0.4, 0.9, 1.8. ओआरपी उणे 120 वरून अधिक 35. लोह 1 च्या खाली. पावसाचं ताजं पाणीही ऑक्सिजन आणतं, पण 2023 आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो 0.5 च्या वर गेला नव्हता. जेवण बंद झालंय.

याची दुसरी बाजूही आहे, ती न्यायाने नोंदवते. व्हिनाइल क्लोराइड ऑक्सिजन असला की दुसऱ्या जातीचे जिवाणू चक्क खातात. पुढच्या दोन नव्या बोअरमध्ये, जिथे ऑक्सिजन 3 च्या वर आहे, व्हिनाइल सापडलं नाही. म्हणजे चाळीजवळ तयार झालेलं व्हिनाइल खाली जाता जाता संपत होतं. पण ट्रायक्लोला तो मार्ग नाही. हवेशीर पाण्यात ते जसंच्या तसं पुढे चालत जाईल, काकांच्या विहिरीपर्यंत, आणि तिथे आता आकडा सातवर थांबणार नाही.

दादा नोंदी घेताना म्हणाले, “होकायंत्र इथं कायम हलतं बघा.” हलणारच. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. मिनेसोटातल्याच एका जागी मॅग्नेटाइटमुळे जिवाणूंशिवाय डीसीई तुटत असल्याचं दाखवलं गेलंय. आमच्या मांजऱ्यात ते होतं का हे तपासायला गाभ्याचे तुकडे बाजूला ठेवले. त्यावर अहवाल उभा करणार नाही.

4 डिसेंबर 2025

मालकांनी खड्डा उकरायला होकार दिला. नव्या नियमांची प्रत अजून टेबलावरच होती. उकरणं मार्चमध्ये.

नि-4 च्या वरच्या बाजूला, जिथे चाळीचा शोषखड्डा होता, तिथे लहान प्रमाणावर कार्बन सोडून बघायचं ठरलं. मैला नाही. वनस्पती तेल महाग पडतं. पंचवीस किलोमीटरवर साखर कारखाना, आणि उसाची मळी (मोलॅसिस) जगभर याच कामासाठी वापरतात. पाण्यात सौम्य करून सोडायची, सोबत खाण्याचा सोडा, नाहीतर आंबून सामू खाली येतो आणि तोच जिवाणू मरतो. याला ‘नैसर्गिक’ म्हणता येणार नाही, अहवालाचं शीर्षक बदलावं लागेल. काकांना सांगितलं तर हसले: “माझ्याच उसाची मळी माझ्याच विहिरीला.”

मळीला राज्य उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, तिच्यापासून दारू होते म्हणून. आज दुपारी अर्ज भरायला बसले. नाव, पत्ता, परिमाण 400 किलो, साठवणुकीची जागा, सगळं भरलं. ‘प्रयोजन’ या रकान्यात जेमतेम एक ओळ मावते. तीनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं: ‘भूजलातील जिवाणूंच्या खाद्यासाठी’. दादांनी वाचलं आणि म्हणाले, खाली जिवाणूंची संख्या पण लिहा, साहेब विचारतील.